बी पेरायचं कुठे?

पूर ओसरला की मदतीचे ट्रक निघतात. जुने कपडे, ब्लँकेटं, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण या सगळ्या सामानात एक वस्तू फार क्वचित दिसते, आणि ती असते सगळ्यात हलकी. बियाणांची पाकिटं. मेथी, मुळा, चवळी, गवार, भेंडी, भोपळा. एका माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत अख्ख्या वाडीला पुरेल इतकं बी मावतं.

पुरानंतर भाजीचंच बी का, याचं उत्तर कुठलाही शेतकरी देईल. ऊस गेला तर पुढचा ऊस हाती यायला बारा ते अठरा महिने. भात गेला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघायची. मेथी मात्र वाफसा आल्यावर टाकली की महिन्याभरात जुडी बांधता येते. मुळा दीड महिन्यात, भेंडी-गवार दोन महिन्यांत. म्हणजे फुकट मिळणारं धान्य थांबायच्या सुमारास घरची भाजी ताटात येते, आणि चार जुड्या बाजारात नेल्या तर मिठामिरचीचे पैसे सुटतात. शिवाय (हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं) रांगेत उभं राहून हात पसरलेल्या माणसाला परत हातात खुरपं घ्यायला मिळतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण बियाणं देताना एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. हे बी तो माणूस पेरणार कुठे? कुणाच्या जमिनीत? आणि कुणाला विचारून?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो अमेरिकेतल्या दोन पुरांबद्दल वाचताना. एक १८९३ चा आणि एक १९२७ चा. दोन्हीत पाणी आलं ते मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या घरात, दोन्हीत मदतीला आली रेडक्रॉस, आणि दोन्हीत बियाणं वाटलं गेलं. पुढे जे झालं ते मात्र एकसारखं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या गुलामांचं आणि आपलं काय नातं? तर मंडळी, नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते पुस्तक अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसलेला हा माणूस पार तिकडच्या शेतमजुरांकडे आशेने बघत होता. मला नेहमी प्रश्न पडायचा की त्या सुटलेल्या गुलामांचं पुढे झालं तरी काय? कायद्याने मोकळे झाले, पण जमीन? ती मिळाली का? बहुतेकांना नाही मिळाली. पण एका कोपऱ्यात मिळाली, आणि आपली पहिली गोष्ट त्याच कोपऱ्यातली आहे.

साउथ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्याला लागून सखल बेटांची एक माळ आहे. 'सी आयलंड्स' म्हणतात. सेंट हेलेना, लेडीज आयलंड अशी त्यांची नावं. मध्ये खाड्या, दलदल, भरतीचं पाणी. आपल्याकडच्या खाजणाची आठवण व्हावी असा मुलूख. इथे लांब धाग्याचा, अतिशय उंची कापूस व्हायचा, आणि तो पिकवायचे गुलाम. १८६१ च्या नोव्हेंबरात, यादवी युद्धाच्या अगदी सुरुवातीला, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली आणि मळ्यांचे गोरे मालक घरदार, शेत, गुलाम सगळं टाकून पळाले. मागे राहिले ते हजारो काळे लोक. मालकांनी कर भरला नाही म्हणून सरकारने त्या जमिनी जप्त करून लिलावात काढल्या. बऱ्याच जमिनी बाहेरच्या पैसेवाल्यांनी घेतल्या. पण काही तुकडे, पाच एकर, दहा एकर असे, या सुटलेल्या गुलामांनी पै पै जमवून विकत घेतले. आणि नंतरच्या तीस वर्षांत, दक्षिणेत परत गोऱ्यांचं राज्य आलं तरी, त्यांनी ते तुकडे सोडले नाहीत.

२७ ऑगस्ट १८९३ च्या रात्री या बेटांवर चक्रीवादळ आलं, तेही नेमकं भरतीच्या वेळी. समुद्र बेटांवर चढला. सुमारे दोन हजार माणसं मेली असा अंदाज आहे. तीस हजारांवर लोक उघड्यावर आले. उभा कापूस गेला, मका गेला, रताळी जमिनीतल्या जमिनीत कुजली. विहिरींत खारं पाणी शिरलं. कापसाखेरीज लोकांना रोख पैसा मिळायचा तो नदीच्या तळातून फॉस्फेट काढायच्या मजुरीतून. त्या धंद्याच्या बोटी आणि यंत्रंही वादळात मोडली. म्हणजे शेतही गेलं आणि मजुरीही गेली.

सरकारने काय केलं? इथे थोडं मागे जायला हवं, कारण ही गोष्ट बियाणांचीच आहे. १८८७ साली टेक्सासमध्ये मोठा दुष्काळ होता. तिथल्या शेतकऱ्यांना बियाणं घेऊन द्यायला अमेरिकेच्या काँग्रेसने दहा हजार डॉलर मंजूर केले. फक्त दहा हजार! राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकांनी सरकारला पोसायचं असतं, सरकारने लोकांना पोसायचं नसतं. गंमत अशी की त्याच काळात अमेरिकन सरकार दरवर्षी बियाणांची पाकिटं फुकट वाटत होतं. १८३९ पासूनची ती प्रथा. खासदार आपापल्या मतदारांना टपालाने भाजीपाल्याचं आणि फुलांचं बी पाठवायचे. क्लीव्हलँड यांनी नकार देताना हेही सुचवलं, की खासदारांनी आपल्या वाट्याची पाकिटं टेक्सासला द्यावीत! म्हणजे मतदाराला खूश करायला बी चालतं, बुडालेल्याला सावरायला चालत नाही. (वाचकहो, ओळखीचं वाटतंय का?)

१८९३ साली हेच क्लीव्हलँड दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होते. देशात मंदी होती, बँका बुडत होत्या. बेटांसाठी केंद्राच्या तिजोरीतून पैसा आला नाही. राज्याच्या गव्हर्नरांनी, म्हणजे बेन टिलमन यांनी, क्लारा बार्टन यांना बोलावलं. हे टिलमन कृष्णवर्णीयांचे उघड उघड वैरी म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहेत, तरी बोलावलं हे खरं.

क्लारा बार्टन म्हणजे अमेरिकन रेडक्रॉसच्या संस्थापक. तेव्हा वय ७१. १ ऑक्टोबर १८९३ ला त्यांनी ब्यूफर्ट गावात ठाण मांडलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, जवळजवळ दहा महिने, हललं नाही बाईंनी तिथून. हातात पैसा किती? लोकवर्गणीतून मिळालेले तीसेक हजार डॉलर. माणसं तीस हजार. म्हणजे माणशी एक डॉलर, आणि त्यात दहा महिने काढायचे!

त्यांनी जे शिधापत्रक ठरवलं ते वाचून पोटात कालवतं. सात माणसांच्या कुटुंबाला आठवड्याला एक पेक मक्याचा भरडा (पेक म्हणजे साडेआठ-नऊ लिटरचं माप) आणि एक पौंड डुकराचं मांस. बस्स. जे चर खणायच्या कामावर जात त्यांना शिधा जास्त. हे चर खणणं फार शहाणपणाचं होतं. समुद्राचं पाणी शेतातून बाहेर काढल्याशिवाय आणि पावसाने मीठ धुवून नेल्याशिवाय पेरणार काय? लोकांनी मैलोन् मैल चर खणले. बायकांनी शिवणाचे गट करून आलेले जुने कपडे उसवले, बेतले, शिवले. आणि वसंत जवळ आला तसं बियाणं वाटलं गेलं. भाजीपाल्याचं बी, मका, बेण्याचे बटाटे. बार्टनबाईंचा आग्रह असा की घराभोवती आधी खाण्याचं लावा, कापूस मग. १८९४ चा उन्हाळा आला तेव्हा घराघरापाशी भाजीचे वाफे होते. जुलैच्या सुरुवातीला रेडक्रॉसने गाशा गुंडाळला तेव्हा बेटांवरची माणसं स्वतःच्या मळ्यातलं खात होती.

आता मला सांगा, हे कशामुळे जमलं? बार्टनबाईंची शिस्त, हे आहेच. लोकांची मेहनत, ती तर आहेच. पण तिसरी गोष्ट लोक पटकन बोलत नाहीत. बाई म्हणाल्या 'आधी भाजी लावा', आणि लोकांनी लावली, कारण 'लावू नकोस' म्हणणारा कुणी मध्ये नव्हता. घराभोवतीची जमीन बहुतेकांची स्वतःची होती. पाच-दहा एकरच, पण स्वतःची. सगळं छान झालं असं मला म्हणायचं नाही. फॉस्फेटचा धंदा पुरता सावरला नाही, कितीतरी तरुण माणसं बेटं सोडून शहरात गेली, पुढे बोंडकिडीने तो उंची कापूसही संपवला. तरी १९३० साली एका समाजशास्त्रज्ञाने सेंट हेलेना बेटावर 'ब्लॅक योमनरी' नावाचं पुस्तक लिहिलं. योमनरी म्हणजे स्वतःची जमीन स्वतः कसणारे. तोपर्यंत ते तिथे टिकून होते.

आता दुसरी गोष्ट. ३४ वर्षांनंतरची, आणि कितीतरी मोठी.

१९२६ च्या पावसाळी महिन्यांपासून मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात पाऊस थांबेचना. नदीच्या दोन्ही काठांना मातीचे उंच तटबंध होते. सरकारी इंजिनिअर सांगत होते की ते पुरेसे आहेत. २१ एप्रिल १९२७ रोजी मिसिसिपी राज्यात माउंड्स लँडिंग इथे तटबंध फुटला. नंतर ठिकठिकाणी फुटत गेला. एकूण सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला. महाराष्ट्राच्या पाव भागाला थोडा कमी! काही ठिकाणी पाणी महिनोन् महिने हटलं नाही. ज्यांनी घाईने परत पेरलं होतं त्यांच्यातल्या अनेकांचं शेत जूनच्या दुसऱ्या पुराने पुन्हा बुडवलं.

या वेळी मदत तुटपुंजी नव्हती. व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर स्वतः प्रमुख. रेडक्रॉसकडे एक कोटी सत्तर लाख डॉलर जमले. दीडशेवर छावण्या, त्यात सव्वातीन लाख माणसं. छावणीतून घरी परतणाऱ्या कुटुंबांना काही दिवसांचा शिधा, जनावरांना चारा, अवजारं आणि बियाणं. कागदावर बघितलं तर बार्टनबाईंच्या गरीब प्रयत्नापुढे हा राजेशाही कारभार.

पण छावण्यांत आत काय होतं ते बघा. कृष्णवर्णीय पूरग्रस्तांच्या गळ्यात चिठ्ठ्या होत्या, आणि त्यावर ते कुठल्या मळ्याचे हे लिहिलेलं होतं. अनेक छावण्यांभोवती बंदूकधारी पहारा. परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. का? तर पुराच्या निमित्ताने मजूर उत्तरेत शिकागोला निघून जातील आणि मळे ओस पडतील, ही मालकांना भीती. ग्रीनव्हिल गावात तर तटबंधावर अडकलेल्या हजारो काळ्या लोकांना बोटींनी हलवायचं ठरलं होतं, बोटी आल्याही होत्या, आणि मळेवाल्यांच्या दबावाखाली त्या गोऱ्या लोकांना घेऊन बहुतांशी रिकाम्या परत गेल्या.

हे लोक वाट्याने शेती करणारे. आपल्याकडे अर्धेलीने किंवा बटईने करतात तसं, पण फास अधिक घट्ट. जमीन मालकाची, खेचर मालकाचं, बियाणं मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर. हंगाम संपला की मालक वही उघडणार, कापसाच्या अर्ध्या वाट्यातून उधारी वजा करणार, आणि बहुतेक वेळा वाटेकऱ्याच्या हातात काही उरणार नाही, उलट पुढच्या सालाला कर्ज. आणि पीक कुठलं लावायचं ते मालक ठरवणार. मालकाला हवा कापूस. सावकार आणि बँका मालकाला कर्ज देत ते कापसावर, दुधीभोपळ्यावर नाही. त्यामुळे कापूस कुठपर्यंत लावायचा? तर थेट झोपडीच्या पायरीपर्यंत. भाजीच्या वाफ्याएवढी जागासुद्धा मोकळी सोडली जात नसे. परत, वाटेकऱ्याने घरीच भाजी पिकवली, गाय पाळली, तर मालकाच्या दुकानातली उधारी कमी होणार, हा भाग निराळाच.

अशा ठिकाणी फुकट बियाणांचं पाकीट गेलं, तर ते कुणाच्या हातात जाणार? अनेक ठिकाणी मदतीचं सामान मळेवाल्यांकडेच दिलं गेलं, त्यांनी 'आपापल्या' माणसांना वाटावं म्हणून. हूवर यांनीच टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णवर्णीयांची एक सल्लागार समिती नेमली होती. त्या समितीपुढे आलेल्या तक्रारींतली एक अशी, की फुकट आलेलं सामान काही मालकांनी वाटेकऱ्यांच्या खात्यावर उधार म्हणून मांडलं. दान घेतलं मालकाने, आणि फेडायचं वाटेकऱ्याने!

आणि मग त्या मुलखात एक डॉक्टर पोचला. जोसेफ गोल्डबर्गर. हा माणूस माझा फार लाडका आहे, म्हणून जरा रेंगाळतो. ज्यू, लहानपणी युरोपातून न्यूयॉर्कला आलेला, सरकारी आरोग्य खात्यातला डॉक्टर. १९१४ पासून तो 'पेलाग्रा' नावाच्या रोगाच्या मागे लागला होता. दक्षिणेतल्या गरिबांत हा रोग वसंत आला की उसळायचा. हातापायांची, मानेची कातडी उन्हात भाजल्यासारखी काळवंडून सोलवटायची, मग जुलाब, मग डोक्यावर परिणाम, आणि शेवटी मृत्यू. सगळे म्हणत होते रोग संसर्गाचा. गोल्डबर्गर म्हणाला, नाही, हा ताटाचा रोग आहे. हे लोक मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी, एवढ्यावरच जगतात. लोकांचा विश्वास बसेना तेव्हा त्याने रुग्णांच्या अंगावरचे पापुद्रे आणि विष्ठा पिठाच्या गोळ्यांत घालून स्वतः गिळले, सहकाऱ्यांनी आणि खुद्द त्याच्या बायकोनेही या प्रयोगात भाग घेतला. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

१९२७ च्या पुरानंतर तो आणि त्याचा सहकारी एडगर सिडनस्ट्रिकर पूरग्रस्त राज्यांत हिंडले. (हा सिडनस्ट्रिकर 'गुड अर्थ' लिहिणाऱ्या पर्ल बकचा सख्खा भाऊ. एका घरातली दोन माणसं, एक चीनमधल्या शेतकऱ्याची भूक लिहितेय, दुसरा मिसिसिपीतल्या वाटेकऱ्याची मोजतोय.) पेलाग्राने तिथे हजारो माणसं आजारी होती. दोघांनी ताबडतोबीचा उपाय म्हणून यीस्ट सुचवलं, कारण ते स्वस्तात रोग बरा करतं हे गोल्डबर्गरला तोवर सापडलं होतं. रेडक्रॉसने हजारो पौंड यीस्ट वाटलं आणि त्याने जीव वाचले.

पण त्यांचा अहवाल तिथे थांबला नाही. त्यांचं म्हणणं असं, की रोग पुराने आणलेला नाही. पुराने फक्त वाढवला. आधीच्या साली कापसाचे भाव पडले होते, तेव्हापासूनच ताटं रिकामी होऊ लागली होती. खरं कारण एकाच पिकाची शेती, वाट्याची पद्धत, घरी गाय नसणं, परसात भाजी नसणं. म्हणजे डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनवर औषधाऐवजी गाय, भाजी आणि शेतीची पद्धत बदलण्याचा सल्ला! गोल्डबर्गर १९२९ च्या जानेवारीत गेला. पेलाग्रा ज्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो ते (निकोटिनिक अॅसिड) १९३७ साली सापडलं, ते काही त्याला बघायला मिळालं नाही.

हूवर यांना हे कळत नव्हतं असंही नाही. त्यांनी १९२७ च्या उन्हाळ्यात मोटन यांच्याजवळ एक कल्पना बोलून दाखवली होती. बुडालेले, कर्जात गेलेले मळे विकत घ्यायचे, त्यांचे वीस-वीस एकरांचे तुकडे पाडायचे आणि वाटेकऱ्यांना हप्त्याने द्यायचे. खेचर आणि अवजारांसकट. म्हणजे सी आयलंड्सवर साठ वर्षांपूर्वी युद्धाच्या धांदलीत जे घडून गेलं होतं, तेच या वेळी ठरवून करायचं. पैसा उभा राहिला नाही, कल्पना कागदावरही नीट उतरली नाही. पुढच्या वर्षी हूवर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि तो विषय मागे पडला.

मी काही इतिहासकार नाही, आणि दोन पुरांची अशी तुलना करताना कुणी इतिहासकार दहा फरक दाखवेल हेही मला ठाऊक आहे. एक समुद्राचा, एक नदीचा. एक तीस हजारांचा, एक लाखोंचा. तरीही हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की मी थबकतो. माणशी एक डॉलर, आणि लोकांनी परसात भाजी काढली. एक कोटी सत्तर लाख डॉलर, आणि शेवटी यीस्ट वाटायची पाळी आली.

आता आपल्याकडे येऊ. पेलाग्रा हा आपल्यालाही अगदी परका रोग नाही. दख्खनच्या पठारावर जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आढळतो, हे १९६० साली हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडलं. ज्वारीतल्या ल्युसीनमुळे तसं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण पुढे वादात सापडलं. पण एकट्या धान्याने भरलेलं पोट म्हणजे भरलेलं पोट नव्हे, हा धडा दोन्हीकडे तोच. भाकरीबरोबर चवळीची उसळ आणि माठाची भाजी असली की चित्र बदलतं, आणि ती परसात उगवत असली तर तिला पैसे पडत नाहीत.

आणि बियाणांच्या मदतीचा आपला स्वतःचा इतिहास आहेच. आजोबांच्या पिढीला 'तगाई' हा शब्द माहीत होता. इंग्रज सरकारने १८८४ साली शेतकरी कर्ज कायदा केला. संकटनिवारणासाठी, बियाणं आणि बैल घेण्यासाठी कर्ज. चांगला कायदा. पण त्यात कर्ज कुणाला? तर लागवडीच्या जमिनीचे मालक आणि कब्जेदार यांना. ज्याच्या नावावर काहीच नाही, जो दुसऱ्याच्या रानात राबतो, त्याला बियाणं लागत नाही असं जणू गृहीतच धरलेलं. म्हणून मला १ एप्रिल १९५७ ही तारीख फार मोठी वाटते. कूळकायद्याने त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. सगळी झाली नाहीत, पळवाटा होत्या, कितीतरी कुळांना त्याआधीच हुसकावलं होतं. पण जिथे झाली, तिथे काय लावायचं हे ठरवायचा हक्क बांधाच्या आत आला.

माझी मावशी शिरोळ तालुक्यात राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर मी फोन केला, काय पाठवू म्हणून. तर ती म्हणाली, "कापडं नगोत रं. लोकांनी ढीग घातलाय. मेथीचं, मुळ्याचं बी मिळतंय का बघ तिकडं." मी पाठवलं. मेथी, मुळा, पोकळा, गवार. तिने अर्धं स्वतः ठेवलं आणि अर्धं तिच्या रानात कामाला येणाऱ्या बाईंना दिलं. त्या बाईंचं घर पडलं होतं, आणि नावावर एक गुंठाही नाही. शेतीचा पंचनामा पिकाचा होतो, आणि पीक कुणाचं हे सातबारा सांगतो, त्यामुळे तिथे त्यांचा प्रश्नच आला नाही. मग बी टाकायचं कुठे? मावशीने विहिरीकडेचे दोन गुंठे त्यांना दिले, तिथला ऊस पुरात कुजलाच होता. दसरा झाल्यावर वाफसा आला, दिवाळीनंतर बाई मेथीच्या जुड्या घेऊन बाजारात बसत होत्या. मावशीने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज खूश होता.

पुढच्या वर्षी त्या दोन गुंठ्यांत परत ऊस लागला. यात मावशीला मी दोष देत नाही. (ती हे वाचणार आहे, आणि तिला विचारूनच लिहितोय.) सोसायटीचं कर्ज उसावर मिळतं, ऊस पायरीपर्यंत लावावा लागतो. तीच मला म्हणाली, "बाईला वाईट वाटलं आसंल, पण बोलली न्हाई." कापसाच्या जागी ऊस घातला की ते मिसिसिपीचं खोरं काही फार लांब राहत नाही.

मग बियाणं पाठवूच नये का? असं मुळीच नाही. उलट जास्त पाठवावं. १८९४ च्या बेटांवर त्याच बियाणाने माणसं उभी केली आणि आमच्या त्या बाईंनाही एक हंगाम हात दिला. फक्त पाकिटाबरोबर दोन-तीन चौकश्या कराव्यात. गावातल्या जमीन नसलेल्यांना हे कुठे पेरता येईल? शाळेचं आवार, देवस्थानची पडीक जागा, गावठाणातला तुकडा, कुणाचा कुजलेल्या उसाचा कोपरा, वर्षभरासाठी का होईना, पण बोली करून, मध्येच काढून न घेता मिळेल का? तेवढीही जागा नसेल तर भोपळा, दोडका, घेवडा, वाल असं वेलाचं बी पाठवावं. त्याला मूठभर माती आणि चढायला छप्पर पुरतं. आणि बी शक्यतो गावरान असावं, म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच धरता येतं, कुणाकडे मागावं लागत नाही.

यातलं मी सगळं करतो असं नाही, पण गेल्या दोन-तीन वर्षांपासून पावसाळ्याच्या आधी वाल आणि भोपळ्याचं बी राखेत घोळून बरणीत भरून ठेवायला लागलोय. पूर येवो न येवो. न आला तर आपल्याच नातेवाईकांना वाटून टाकतो.

जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजी-आजोबांकडून तगाईच्या आठवणी ऐकलेल्या असतील, बियाणं कुणी दिलं, कुणाला मिळालं, कुणाला नाही, परतफेड कशी केली, तर जरूर लिहून कळवा. विशेषतः ज्यांना मिळालं नाही त्यांच्या. कागदावर त्या कुठेच सापडत नाहीत.